शेजाऱ्याचा फॉर्म, सही तुमची

जुलै उजाडला की गिरगावातल्या वाडीवाडीत एकच प्रश्न फिरतो. "तुमचा कुठला फॉर्म?" उत्तर ठरलेलं. "आपला नेहमीचा, सहज!" नेहमीचा म्हणजे गेल्या वर्षी भरला तो. गेल्या वर्षी तो का भरला? आदल्या वर्षी भरला होता म्हणून. आणि आदल्या वर्षी? शेजारच्या काकांनी भरला होता म्हणून.

पैसा कुठून आला, हे या सगळ्यात कुणी विचारलंच नाही.

वैयक्तिक करदात्यासाठी रिटर्नचे फॉर्म चारच. आयटीआर-१ म्हणजे सहज : पगार किंवा पेन्शन, घर, व्याज, आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत. आयटीआर-२ : धंदा नाही, पण शेअर, घर, जमीन विकून नफा झालाय किंवा परदेशात काही मालमत्ता आहे. आयटीआर-३ : धंदा किंवा व्यवसाय. आयटीआर-४ म्हणजे सुगम : छोटा धंदा, वह्यांचा पसारा नको, उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरा आणि कर भरा. दोन मिनिटांत पाठ होईल एवढंच हे.

अडचण पाठांतराची नाही. आपल्याच घरात पैसा कोणकोणत्या दारांनी येतो, ते आपल्याला माहीत नसतं.

आंब्यापासून सुरुवात करू. गिरगावातल्या किती घरांचं मूळ कोकणात आहे, हे काय सांगायला हवं? गावी बाग, बागेत भावांबरोबर वाटा, हंगाम संपला की वाट्याचे पैसे खात्यात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून ते रिटर्नमध्ये लिहायचंच नाही, असं घरोघरी ठरून गेलंय. कर नसला तरी नोंद आहे. शेतीचं उत्पन्न ५ हजार रुपयांच्या वर गेलं की सहज फॉर्म चालत नाही. शिवाय बाकीच्या उत्पन्नावर कराचा दर ठरवताना हे उत्पन्नही हिशेबात येतं.

पाच हजार रुपयांत हापूसच्या किती पेट्या येतात, ते बाजारात विचारून या.

गावचं घर हा त्याच्या पुढचा मुद्दा. ग्रामपंचायतीची घरपट्टी वडिलांच्या पश्चात तुमच्या नावावर येते आणि मुंबईतला फ्लॅटही तुमच्याच नावावर आहे. म्हणजे घरं झाली दोन. दोन्ही स्वतःच्या वापरासाठी असली तर त्यांच्यावर कर शून्य. पण आकारणी वर्ष २०२५-२६च्या सहज फॉर्ममध्ये एकाच घराला जागा होती. फॉर्मच्या अटी दर वर्षी बदलतात, म्हणून दर वर्षी त्या वाचाव्या लागतात. वाचतो कोण?

आता पागडी. हा खास आपला विषय, आणि घोटाळाही खास आपलाच. तीन पिढ्या राहतायत ती खोली 'आमची'. कायद्याच्या लेखी मालक दुसराच, तुम्ही भाडेकरू. त्यामुळे ती खोली रिटर्नमध्ये 'घर' म्हणून दाखवायची नसते. पोटभाडेकरू ठेवून त्याच्याकडून पैसे घेत असाल, तर तेही घरभाडं म्हणून दाखवता येत नाहीत. ते जातात 'इतर उत्पन्ना'त, आणि घरभाड्यावर मिळणारी ३० टक्क्यांची सरसकट वजावट तिथे नाही. घरमालकाला मिळते ती सवलत भाडेकरूला कशी मिळेल?

खोली 'विकली' तर? विकला तो भाडेकरूचा हक्क. पागडी घेण्यादेण्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ने कलम ५६मध्ये मान्यता दिलेली आहे, त्यामुळे लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण आयकर कायद्याच्या नजरेत हा हक्क म्हणजे भांडवली मालमत्ता. मालकाचा वाटा देऊन हातात उरलेली रक्कम हा भांडवली नफ्याचा विषय आहे. तो २४ महिन्यांहून जास्त काळ धरलेला हक्क असेल तर नफा दीर्घकालीन, दर साडेबारा टक्के. पैसे नियमाप्रमाणे दुसऱ्या राहत्या घरात गुंतवले तर सवलतही मागता येते. मागायची कुठे? आयटीआर-२मध्ये.

आणि आपण भरतो सहज. मग सवलतही बुडते आणि नोटीसही येते.

चाळ पुनर्विकासाला गेली की आणखी एक रक्कम सुरू होते. नवी इमारत उभी राहीपर्यंत बिल्डर दरमहा भाडं देतो. हे उत्पन्न धरायचं का, यावरून सोसायट्यांच्या सभांत किती घसे बसले असतील! मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये एका पुनर्विकासाच्या वादात सांगितलं, की हे संक्रमण काळातलं भाडं घर सोडावं लागल्याच्या त्रासाचा मोबदला आहे, ते महसुली उत्पन्न ठरत नाही आणि त्यावर टीडीएस कापायची गरज नाही. गिरगावातल्या निम्म्या वाड्यांच्या नोटीस बोर्डावर हा निकाल लागायला हवा होता. बिल्डरबरोबरचा करार आणि बँकेतल्या नोंदी मात्र जपून ठेवा. उद्या खात्याने विचारलंच, तर तोंडी उत्तर चालणार नाही.

निकाल न्यायालयात लागला. वाडीत अजून पोचायचाय.

ज्येष्ठांकडे वळू. "मी पंधरा-एच दिलाय, माझं व्याज टॅक्स फ्री आहे." हे वाक्य कुठल्याही सहकारी बँकेच्या रांगेत ऐकू येतं. पंधरा-एच हे साठी ओलांडलेल्याने बँकेला दिलेलं निवेदन आहे : माझ्या एकूण उत्पन्नावर कर बसत नाही, तेव्हा टीडीएस कापू नका. व्याज करमुक्त होण्याशी त्याचा संबंध नाही. आणि एकूण उत्पन्नावर कर बसत असताना हा फॉर्म दिला, तर ते सहीनिशी केलेलं खोटं निवेदन ठरतं. आजोबांना हे काउंटरवर कुणी सांगितलं होतं का?

उलटही ऐकू येतं. "बँकेने टॅक्स कापून घेतलाय, आता भरायचं काही नाही." बँक कापते १० टक्के. तुमचा टप्पा २० किंवा ३० टक्क्यांचा असेल तर उरलेले कुणी भरायचे?

१ एप्रिल २०२५पासून ज्येष्ठांच्या व्याजावर टीडीएसची मर्यादा वर्षाला एक लाख झाली. ती बँकेगणिक आहे. म्हणून ठेवी तीन बँकांत वाटून ठेवायच्या, हा घरगुती सल्ला. टीडीएस टळतो, कर टळत नाही. तिन्ही बँका एकाच पॅनवर खात्याला कळवतात आणि वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, तिन्ही ओळी एकाखाली एक उमटतात.

पंचाहत्तरीच्या पुढे रिटर्न भरावंच लागत नाही, ही अशीच एक ऐकीव गोष्ट. सूट आहे, पण पेन्शन आणि व्याज एकाच ठरावीक बँकेत येत असेल आणि त्या बँकेला तसं लिहून दिलं असेल तरच. दुसऱ्या बँकेत एक एफडी निघाली की सूट संपली. आणि दुसऱ्या बँकेत एफडी नसलेले आजोबा गिरगावात शोधून दाखवा.

आजींचं तर आणखी वेगळं. आजोबांच्या पश्चात मिळणारी पेन्शन ही कुटुंब निवृत्तिवेतन. ती पगाराच्या रकान्यात बसत नाही, 'इतर उत्पन्ना'त जाते. नव्या करपद्धतीत पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट आहे. कुटुंब निवृत्तिवेतनाला वजावट एक तृतीयांश किंवा २५ हजार, जे कमी असेल ते. रकाना चुकला की ५० हजारांचा फरक पडतो. फॉर्म बरोबर असूनही रिटर्न चुकतं, ते असं.

आता सध्याचा सगळ्यात लाडका गैरसमज. "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग रिटर्न कशाला?" आर्थिक वर्ष २०२५-२६पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो तो कलम ८७एच्या सवलतीमुळे. मूळ करमुक्त मर्यादा ४ लाखांचीच आहे. ती ओलांडली की रिटर्न भरायचं. मुदत चुकली तर शुल्क : उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार, वर असेल तर ५ हजार.

कर शून्य, दंड पाच हजार. हा हिशेब बातम्यांच्या ठळक मथळ्यांत आला होता का?

ही ८७एची सवलत लिहून झाली की गिरगावच्या वेशीवरचा एक खटला सांगायलाच हवा. चर्नी रोड स्टेशनवरून महर्षी कर्वे रस्त्याने चर्चगेटच्या दिशेने चालत निघा, वाटेत न्यू मरीन लाइन्सचा भाग लागतो, पुढे आयकर भवन. याच न्यू मरीन लाइन्सला 'चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स' ही १९२६मध्ये स्थापन झालेली करसल्लागारांची संस्था आहे. ५ जुलै २०२४ला रिटर्न भरण्याच्या सरकारी सॉफ्टवेअरमध्ये बदल झाला. नव्या पद्धतीत ज्यांचं उत्पन्न ७ लाखांच्या आत होतं, पण त्यात शेअरवरच्या अल्पकालीन नफ्यासारखं विशेष दराचं उत्पन्न होतं, त्यांना त्या भागावर ८७एची सवलत मागताच येईना. ४ जुलैला भरलं त्याला सवलत, ६ जुलैला भरलं त्याला नाही.

कायदा तोच. वर्ष तेच. बदललं फक्त सॉफ्टवेअर.

चेंबर जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. २० डिसेंबर २०२४ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि उशिराचं किंवा सुधारित रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारी २०२५ झाली. २४ जानेवारीला अंतिम निकाल आला. सवलत देय आहे की नाही हे अधिकाऱ्याने कायद्याप्रमाणे ठरवावं. पण ती मागायची वाटच सॉफ्टवेअरने बंद करू नये. पुढे आर्थिक वर्ष २०२५-२६पासून कायद्यातच बदल करून अशा विशेष दराच्या उत्पन्नावरची सवलत काढून टाकली गेली. संसदेने कायदा बदलला तर तक्रार नाही. तो रातोरात स्क्रीनवर बदलायचा अधिकार कुणाला?

फॉर्म समजून घेणं म्हणजे सरकारपुढे मान तुकवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा खटला वाचावा. कोणता रकाना बंद झाला, हे ज्यांना कळलं तेच न्यायालयात गेले.

सरकारची बाजूही तपासू. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'सरल' नावाचा एका पानाचा फॉर्म आला. २००७मध्ये एकापासून आठपर्यंतचे आयटीआर आले. २०११मध्ये सहज आणि सुगम. २०१५मध्ये तर १४ पानी फॉर्म निघाला, त्यात परदेश प्रवासाची माहितीही मागितली होती. इतका गदारोळ झाला की तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांना तो थांबवावा लागला. आकारणी वर्ष २०२५-२६ला सहज आणि सुगम जाहीर झाले २९ एप्रिलला, म्हणजे वर्ष सुरू होऊन महिना होत आल्यावर. मग ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर झाली आणि शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढली. करदात्याला मुदत पाळायला सांगणाऱ्याने आधी स्वतःचं वेळापत्रक पाळावं.

वर्षांच्या नावांचा गुंता वेगळाच. कमावलं २०२४-२५मध्ये, आकारणी वर्ष २०२५-२६. चलन भरताना चुकीचं वर्ष निवडलं की पैसे सरकारकडे जमा आणि तुमच्या नावावर बाकी. १ एप्रिल २०२६पासून लागू होणाऱ्या आयकर कायदा, २०२५ने ही दोन नावं काढून एकच 'कर वर्ष' आणलंय. जुन्या कायद्यातली ८१९ कलमं नव्यात ५३६ झाली. चांगलं पाऊल आहे, उशिरा का होईना. पण १ एप्रिलच्या आधीच्या वर्षाचं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं आहे, हे विसरू नका.

आता धंदेवाले. घरगुती डबे देणाऱ्या ताई, लोणची-मसाले विकणारं कुटुंब, कोपऱ्यावरचं छोटं दुकान. यांच्यासाठी सुगम आहे. उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या पैशावर किमान ६ टक्के नफा धरायचा. म्हणजे दुकानातला क्यूआर कोड कर वाचवतो. "यूपीआय घेतलं की टॅक्सवाले मागे लागतात" म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगितलंय?

विमा एजंटाचा धंदाही छोटाच. तोही सुगम भरतो, कारण नाव सुगम. पण कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ही सरसकट टक्केवारी लागूच नाही. त्याचा फॉर्म आयटीआर-३. दुसऱ्यांना भविष्याची तरतूद समजावून सांगणारा माणूस स्वतःच्या फॉर्मला चुकतो, आणि वर्षानुवर्षं चुकत राहतो.

आणि घरातला तो मुलगा. नोकरी आहे, फॉर्म सोळा मिळालाय, म्हणून सहज. फोनवर फ्युचर्स-ऑप्शन्स खेळतो हे घरात कुणाला माहीत नाही. एआयएसमध्ये शेअर आणि फंडांचे व्यवहार ओळीने आहेत. ब्रोकरच्या अहवालात या खेळाचा पैन् पै हिशेब आहे. एफ-अँड-ओ हा आयकरात धंदा मानतात, फॉर्म आयटीआर-३. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ-अँड-ओ करणाऱ्या १०० पैकी ९३ व्यक्तींना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तोटा झाला म्हणून दाखवायचा नाही, हा हिशेब कुठला? मुदतीत योग्य फॉर्म भरला तर हा तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. लाजेने लपवला तर पैसे गेले ते गेलेच, वर पुढच्या नफ्यातून वजा करायचा हक्कही गेला.

आईवडिलांपासून लपवा. फॉर्मपासून नको.

यावर गल्लोगल्ली एक उपाय मिळतो : 'रिटर्न भरून मिळेल'. बहुतेक माणसं प्रामाणिक आहेत, हातावर पोट आहे. पण "रिफंड काढून देतो, त्यातला वाटा द्या" म्हणणारा दिसला की चप्पल पायात घाला आणि निघा. न दिलेल्या देणग्या, न भरलेलं घरभाडं, नसलेलं आजारपण लिहून तो रिफंड निघतो. १४ जुलै २०२५ला आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींच्या प्रकरणांत देशभर १५० ठिकाणी कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले, असं खात्यानेच सांगितलं.

वाटा घेणारा मोकळा. पॅन तुमचा, कर तुमचा, व्याज तुमचं, दंडही तुमचाच.

मग करायचं काय? फॉर्म सोळा हातात घेऊन थांबू नका. त्यात फक्त मालकाने दिलेला पगार आणि कापलेला कर असतो, तुमचं बाकीचं आयुष्य त्यात नाही. आधी एआयएस उघडा. बचत खात्याचं व्याज, एफडीचं व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांची विक्री, घराचा व्यवहार, एकेक ओळ बोट ठेवून वाचा. आईबरोबर संयुक्त एफडी आहे आणि पहिलं नाव तुमचं, तर व्याज तुमच्या पॅनवर दिसेल. पैसे आईचे असले तरीही. एखादी ओळ तुमची नसेल किंवा दोनदा आली असेल, तर तिथेच हरकत नोंदवायची सोय आहे. वाचून झालं की फॉर्मचा नंबर आपोआप ठरतो. २०२५-२६च्या आकारणीपासून सूचिबद्ध शेअर-फंडांवरचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर सहजही चालतो. त्याच यादीत अल्पकालीन नफ्याची एक ओळ निघाली, की दोन नंबर.

आणि फॉर्म चुकलाच तर? खातं कलम १३९(९)खाली 'सदोष विवरणपत्र' म्हणून कळवतं. दुरुस्तीला १५ दिवस. तेवढ्यात उत्तर गेलं नाही, तर रिटर्न भरलंच नव्हतं असं धरलं जाऊ शकतं. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं नाही तरी तोच धोका. म्हणजे खरा प्रश्न असा, की हे पत्र येतं कुठे? पोर्टलवर नोंदवलेल्या ईमेलवर आणि मोबाइलवर. तो ईमेल आणि तो मोबाइल कित्येक घरांत रिटर्न भरून देणाऱ्याचा असतो. खातं उघडताना त्याने स्वतःचा नंबर टाकला, पासवर्डही त्याच्याच वहीत. सीझन संपला की तो गावी जातो, पंधरा दिवस संपतात, आणि तुम्ही रिफंडची वाट बघत बसता.

तेव्हा एक काम आजच करा. पोर्टलवर जाऊन प्रोफाइल उघडा, स्वतःचं आणि घरातल्या म्हाताऱ्यांचंही. तिथला मोबाइल आणि ईमेल तुमचा नसेल तर आधी बदला, पासवर्ड बदला, आणि मगच यंदाचा फॉर्म कुठला, ते ठरवायला बसा.